देशात पीठ किती दळलं जातं? गहू आणि रायच्या दळणाच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धान्यबाजाराबद्दल लिहायला लागल्यापासून दळणावरचे प्रश्न सतत येतात. कधी गिरणीवाले विचारतात, कधी बेकरीवाले, कधी प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी, तर कधी पॅकेटच्या पिठाचा भाव पाहून वैतागलेल्या गृहिणी. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. (राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हाच्या नात्यातलं तृणधान्य; प्रश्न 15 पाहा.) उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एक मुद्दा दुसऱ्याला लागून येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. भारतात वर्षाला एकूण किती गव्हाचं पीठ तयार होतं?

सगळं दळण मोजलेला असा एक अधिकृत आकडा आपल्याकडे नाही. अंदाज मात्र बांधता येतो. 2023-24 मध्ये देशात 11.33 कोटी टन गहू झाला. बियाणं, जनावरांचं खाद्य आणि नासाडी यांसाठी सरकारी हिशेबात धान्यातून साडेबारा टक्के वजा धरण्याची पद्धत आहे. ते काढले की उरतात सुमारे 9.9 कोटी टन. यातला सरकारी गोदामांत वाढलेला किंवा घटलेला साठा आणि आयात-निर्यात जमेस धरली की उरलेला जवळपास सगळा गहू कुठल्या ना कुठल्या गिरणीतून जातो. कारण भाताप्रमाणे गहू शिजवून खाण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. लापशी, खीर, कुरडयांचा चीक एवढाच काय तो अपवाद.

म्हणजे दळायला जाणारा गहू 9 ते 10 कोटी टनांच्या घरात. पीठ त्याहून कमी. किती कमी, ते प्रश्न 4 मध्ये.

2. एवढा मोठा उद्योग, आणि सरकारकडे आकडा कसा नाही?

कारखान्यांचा आकडा आहे, दळणाचा नाही. उद्योगांची वार्षिक पाहणी होते, त्यात पीठगिरण्यांना स्वतंत्र वर्ग आहे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात त्याचा क्रमांक 10611. भातगिरण्या 10612 मध्ये आणि डाळमिल 10613 मध्ये येतात. पण ही पाहणी मुख्यतः कारखाना म्हणून नोंदलेल्या, ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या जागांची असते. तुमच्या गल्लीतल्या गिरणीत मालक आणि फार तर एक मदतनीस असतो, त्यामुळे ती इथे दिसतच नाही.

अशा छोट्या व्यवसायांसाठी असंघटित क्षेत्राची वेगळी पाहणी आहे. ती नमुना पाहणी आहे आणि तिचा भर व्यवसायांची संख्या, रोजगार आणि मिळकत यांवर आहे. गिरणीवाला गहू विकत घेत नाही. तो दळणावळ, म्हणजे दळण्याची मजुरी, घेतो. त्याच्या मिळकतीवरून टन काढायला गेलं तर हाती भलतंच काही लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की देशातला सर्वात महत्त्वाचा अन्नप्रक्रिया उद्योग हाच आहे आणि त्याचीच मोजणी सर्वात तोकडी आहे. धोरणं ठरतात ती दिसणाऱ्या आकड्यांवर, आणि खाणाऱ्यांचा मोठा भाग न दिसणाऱ्या दळणावर जगतो.

3. रोलर फ्लोअर मिल, चक्की आणि आमच्या कोपऱ्यावरची गिरणी यांत फरक काय?

गिरणीत दोन दगडांमध्ये दाणा एकदाच चिरडला जातो. टरफल, अंकुर, गाभा सगळं एकत्र येतं आणि डब्यात पडतं. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येऊ लागतं, म्हणून त्याला टाकी लावावी, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करावं लागतं. चांगला गिरणीवाला हे पिठावर हात ठेवून ओळखतो.

रोलर मिलमध्ये खटाटोप वेगळा आहे. गहू आधी साफ होतो, मग त्याला पाणी मारून काही तास, बहुधा रात्रभर, मुरवतात. याने टरफल चिवट होतं आणि गाभा मऊ पडतो. मग खाचा असलेल्या लोखंडी रोलरांच्या जोड्या दाणा फोडतात, चाळण्या माल वेगळा करतात, गुळगुळीत रोलर रवाळ माल बारीक करतात आणि पुन्हा चाळण. असं अनेकदा होतं. शेवटी मैदा, रवा, आटा आणि कोंडा वेगवेगळ्या तोंडांतून बाहेर पडतात.

पॅकेटवर ज्याला ‘चक्की आटा’ म्हणतात तो मोठ्या कारखान्यात दगडी चक्क्यांवर दळलेला असतो. तंत्र गिरणीचं आणि आकार कारखान्याचा, त्यामुळे तो आकडेवारीत मोजला जातो.

4. 100 किलो गव्हातून पीठ किती निघतं?

कशासाठी दळता त्यावर आहे. गिरणीत थोडी घट सोडली तर जेवढं दिलं तेवढं परत येतं. रोलर मिलमध्ये मैदा, रवा, आटा मिळून साधारण तीन चतुर्थांश आणि बाकीचा कोंडा. हा कोंडा गुराढोरांच्या खाद्यात जातो. त्याला भाव चांगला असला की मिलला मैदा थोडा स्वस्त विकणं परवडतं. तो पडला की मैद्यावर भार येतो.

त्यामुळे कुठलाही राष्ट्रीय आकडा दिसला की पहिला प्रश्न हा: यात दळलेला गहू मोजला आहे की निघालेलं पीठ? दोन्हींत वीस-पंचवीस टक्क्यांचं अंतर पडू शकतं आणि बातम्यांत दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

आणखी एक बारकावा आहे तो पाण्याचा. मुरवलेल्या गव्हात साडेपंधरा-सोळा टक्के ओलावा असतो, उन्हाळ्यात बाजारात आलेल्या गव्हात दहाच्या आसपास. मिलच्या पिठात यातलं थोडं पाणी वजन म्हणून जातं. नियमानुसार आट्यात 14 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. गिरणीत उलट घडतं. दगडाच्या उष्णतेने पीठ कोरडं होतं. डब्यात थोडं कमी भरलं म्हणून गिरणीवाल्याशी भांडण्याआधी हे लक्षात घ्यावं.

5. पॅकेटच्या पिठाचा खप वाढतोय, म्हणजे लोक जास्त गहू खायला लागलेत का?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर: नाही, निदान तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

समजा एखाद्या सोसायटीत शंभर घरं आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला वीस किलो गहू गिरणीत दळून आणतं. उद्या ती सगळी घरं पॅकेटवर गेली, तर देशाच्या नोंदलेल्या पीठ उत्पादनात महिन्याला दोन टनांची ‘वाढ’ होईल. ताटातली पोळी मात्र एकही वाढलेली नसेल. दळणाची जागा तेवढी बदलली.

घरगुती खर्चाच्या सरकारी पाहण्या तर उलटी दिशा दाखवतात. 2011-12 मध्ये ग्रामीण भागात माणशी महिन्याला सुमारे सव्वाअकरा किलो तृणधान्य लागत होतं. 2022-23 मध्ये ते साडेनऊ किलोंच्या आसपास आलं. शहरांत सव्वानऊवरून आठ. यात तांदूळही धरलेला आहे. बिस्किटं, पाव, नूडल्स यांची नोंद वेगळ्या गटात होते, म्हणून मैद्याचा काही भाग तिकडे सरकलेला असतो.

मोजलेलं दळण वाढण्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: लोकसंख्या, गिरणीकडून पॅकेटकडे झालेली सरक, आणि पोळीकडून बेकरीच्या मालाकडे झालेली सरक. या तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय ‘मागणी वाढली’ असं छापू नये, अशी पत्रकार मित्रांना कळकळीची विनंती.

6. रेशनचा गहू या हिशेबात कुठे येतो?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य महिन्याला मिळतं. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. आपल्याकडे ते बहुतांशी धान्य म्हणूनच मिळतं आणि लोक गिरणीत दळतात. म्हणजे हे जवळपास सगळं दळण प्रश्न 2 मध्ये सांगितलेल्या न दिसणाऱ्या भागात जातं.

2022 मध्ये सरकारी खरेदी घटली तेव्हा मोफत धान्य योजनेत काही राज्यांचा गहू पूर्ण किंवा अंशतः बदलून तांदूळ दिला. महाराष्ट्राचा वाटाही कमी झाला. गिरण्यांवरचं दळण त्या काळात घटलं, पण ती घट कुठल्याही औद्योगिक आकड्यात दिसणार नाही.

7. 2022 पासून पीठ इतकं महाग का झालं? मिलवाल्यांनी साठा केला का?

क्रमाने पाहू. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि जगात गव्हाचे भाव भडकले. मार्चमध्ये उत्तर भारतात दाणा भरण्याच्या काळातच उष्णतेची लाट आली आणि दाणा बारीक राहिला. बाजारभाव हमीभावाच्या, म्हणजे 2,015 रुपये क्विंटलच्या वर गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांना विकणं पसंत केलं. सरकारी खरेदी सुमारे 188 लाख टनांवर आली. आदल्या वर्षी ती 430 लाख टनांच्या पुढे होती.

13 मे 2022 ला गव्हाची निर्यात थांबवली. तरी जानेवारी 2023 मध्ये दिल्लीत गहू क्विंटलला 3,000 च्या पुढे गेला. तेव्हा सरकारने खुल्या बाजारातील विक्री योजनेखाली अन्न महामंडळाच्या गोदामातला गहू ई-लिलावाने मिल आणि व्यापाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. जून 2023 मध्ये साठ्यावर मर्यादा आली. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारचा सवलतीचा ‘भारत आटा’ 27.50 रुपये किलोने आला; वर्षभराने तो 30 रुपये झाला. 2023-24 मध्ये लिलावांतून जवळपास एक कोटी टन गहू बाहेर पडला आणि 1 एप्रिल 2024 ला सरकारी साठा सुमारे 75 लाख टनांवर, 2008 नंतरच्या नीचांकावर आला.

साठेबाजीबद्दल: कुणीच साठा केला नाही असं म्हणणं भोळेपणाचं होईल. पण मिलला दळायला गहू लागतोच, आणि हंगाम फक्त एप्रिल ते जूनचा. काही महिन्यांचा माल ठेवणं हा तिचा रोजचा व्यवहार आहे. मुळात गहू तुटवड्याचा होता. साठ्याने त्याला धार चढली. 2023 मध्ये खरेदी 262 लाख, 2024 मध्ये 266 लाख आणि 2025 मध्ये 300 लाख टनांवर गेली, तशी लिलावांची गरज ओसरली.

8. गव्हाबरोबर मैदा-रव्याचीही निर्यात का थांबवली?

गव्हाचं दार बंद झाल्यावर पिठाचं उघडं होतं. एप्रिल ते जुलै 2022 मध्ये पिठाची निर्यात आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा 200 टक्क्यांनी वाढली. जुलैत परवानगीची अट आली आणि ऑगस्टअखेर आटा, मैदा, रवा यांच्यावर बंदीच आली. आखाती देशांतल्या मराठी वाचकांनी त्या वर्षी रवा मिळत नसल्याची तक्रार केली होती, तिचं मूळ इथे आहे. नंतर अटी बदलत गेल्या आहेत. सध्याची स्थिती परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ताज्या अधिसूचनेतच पाहावी.

9. सरकारचा आणि मिलवाल्यांचा गव्हाचा आकडा जुळत का नाही?

2023 चं पीक सरकारच्या अंतिम अंदाजात 11.05 कोटी टन होतं. रोलर फ्लोअर मिलर्स फेडरेशनच्या पाहणीचा अंदाज 10.3 कोटींच्या आसपास. सरकार पेरणीचं क्षेत्र आणि पीककापणी प्रयोग यांवरून आकडा काढतं. मिलवाले बाजार समित्यांतली आवक, भाव आणि शेताच्या पाहण्या बघतात. दोघांचे हितसंबंधही वेगळे आहेत: पीक कमी सांगितलं तर सरकारी गहू लवकर बाजारात येण्याची शक्यता वाढते.

मी स्वतः भावाकडे बघतो. पीक विक्रमी आणि हंगाम संपताच भाव चढे, असं दोन-तीन वर्षं दिसलं, तर सरकारी आकडा जरा जास्त धरला गेला असं मानायला जागा आहे.

10. ‘2023-24’ म्हणजे नक्की कोणतं वर्ष?

यात अनेकजण फसतात. मार्च-एप्रिल 2024 मध्ये कापलेला गहू पीकवर्ष 2023-24 चा (जुलै ते जून). तोच गहू सरकारने विकत घेतला की तो रब्बी पणन हंगाम 2024-25 चा होतो (एप्रिल ते मार्च). मिलचा ताळेबंद आर्थिक वर्षाचा. एकच दाणा, दोन वेगळी वर्षं. दोन तक्ते शेजारी ठेवताना एक वर्ष पुढेमागे झालं तर 2022 ची घसरण भलत्याच वर्षात जाऊन बसते.

11. मिलची क्षमता म्हणजेच तिचं उत्पादन धरायचं का?

मुळीच नाही. परवान्यांची बंधनं सैल झाल्यावर मिल वाढल्या आणि देशात क्षमता गरजेपेक्षा खूप जास्त झाली. क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच काम होतं, असं उद्योगाकडून वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साठ्यावर मर्यादा लागते तेव्हा ती क्षमतेवर ठरते, म्हणून क्षमता जास्त दाखवण्याकडे कल असू शकतो हेही ध्यानात ठेवावं.

12. उत्पादन रुपयांत वाढलेलं दिसतं. ते चालेल का?

गव्हाचा हमीभाव 2022 मध्ये 2,015 होता, 2025 मध्ये 2,425 झाला. तेवढंच पीठ दळूनही मिलची उलाढाल वीस टक्के वाढलेली दिसेल. टन मिळत नसतील तर निदान भाववाढ वजा करून घ्या.

13. जीएसटीच्या वसुलीवरून पिठाचं उत्पादन काढता येईल का?

हुशार प्रश्न आहे, पण वाट अर्धीच. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पॅकबंद पिठावर 5 टक्के कर आहे, ब्रँड असो वा नसो. सुट्या पिठावर नाही. बेकरीला जाणारी 50 किलोंची मैद्याची पोती यातून सुटतात. म्हणजे या वसुलीतून घरगुती पॅकेटांचा कल दिसेल, मैद्याचा नाही आणि गिरणीचा तर नाहीच.

14. महाराष्ट्रात गहू कमी पिकतो. मग इथल्या मिल कशावर चालतात?

मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात इथल्या गव्हावर आणि लिलावातल्या सरकारी गव्हावर. राज्यात गव्हाचं संशोधन मात्र जुनं आहे. निफाडच्या केंद्रातून ‘त्र्यंबक’सारखे वाण आले. घरी दळणारे लोकवन, सिहोरी, खपली असं नाव घेऊन गहू घेतात. मिल नाव बघत नाही, ग्लुटेन (कणकेला ताण देणारं प्रथिन) आणि ओलावा बघते. हा फरकच सांगतो की घराची आणि मिलची बाजारपेठ कशी वेगळी आहे. वाहतूक अंगावर येत असल्यामुळे इथल्या पिठाचा भाव उत्तरेपेक्षा चढा राहतो.

15. भारतात राय दळली जाते का?

नावापुरती. आपल्याकडे मोहरीलाही राई म्हणतात, ती ही नव्हे. हे गव्हाच्या नात्यातलं थंड प्रदेशातलं तृणधान्य. हलक्या वाळूच्या जमिनीत आणि कडक थंडीत ते तग धरतं, म्हणून जर्मनी, पोलंड, रशिया, बेलारूस हे त्याचे देश. आपल्या शहरांतल्या काही बेकऱ्या रायचं पीठ वापरतात, पण राष्ट्रीय हिशेबात ते मोजण्याइतकं नाही.

16. जर्मनीत तर राय पिढ्यान्‌पिढ्या खातात. तिथे दळणाचा कल काय आहे?

तिथे मोठ्या मिलना दळणाची माहिती संघराज्याच्या कृषी आणि अन्न कार्यालयाकडे द्यावी लागते; वर्षाला हजार टनांच्या आतल्या मिल त्यातून वगळल्या आहेत. या मिल वर्षाला सुमारे 80 ते 90 लाख टन धान्य दळतात. त्यात गहू नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि राय दहा टक्क्यांच्या आत. पिकलेल्या रायचा मोठा भाग जनावरांच्या खाद्यात जातो.

रायची घसरण फक्त जर्मनीची नाही. जगात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे साडेतीन कोटी टन राय पिकायची; अलीकडे ती सव्वा कोटीच्या आसपास असते. कारणं दोन. खतं आणि नव्या वाणांमुळे गव्हाचं उत्पन्न झपाट्याने वाढलं. आणि रायच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेनचं जाळं तयार होत नाही. त्याला आंबवणाचा वेळ लागतो, जो कारखान्याच्या घाईत बसत नाही. लोकांना पांढरा पाव आवडू लागला हे खरं, पण माझ्या मते यंत्राच्या सोयीने आवडीला तिकडे ढकललं.

आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या भाकरीचं असंच होत आलं आहे, म्हणून जर्मन तक्ता मी लक्ष देऊन वाचतो. फरक एवढाच की त्यांची घसरण निदान मोजली गेली.

17. आम्ही जर्मनीत राहतो. पिठाच्या पुड्यावरचे 405, 550, 1050 हे आकडे काय? पोळीला कोणतं?

पीठ जाळल्यावर उरणारी राख, 100 ग्रॅम कोरड्या पिठामागे मिलिग्रॅममध्ये. टरफल जास्त तर खनिजं जास्त आणि राख जास्त. 405 आणि 550 आपल्या मैद्याच्या वर्गातले. भारतीय मानकात मैद्याला राखेची मर्यादा 1 टक्का आहे आणि आट्याला 2 टक्के. रायला 997, 1150 असे वेगळे क्रमांक असतात. पोळीसाठी 1050 किंवा पूर्ण गव्हाचं बारीक पीठ घ्या. पूर्ण गव्हाच्या पुड्यावर क्रमांक नसतो, कारण त्यातून काही काढलेलं नसतं.

18. तालुक्याच्या गावी छोटी मिल टाकायची आहे. यातला कोणता आकडा बघू?

राष्ट्रीय उत्पादनाचा आकडा बाजूला ठेवा. क्षमता आधीच उदंड आहे (प्रश्न 11). आधी पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघातल्या बेकऱ्या, खानावळी आणि वसतिगृहं महिन्याला किती पोती घेतात ते प्रत्यक्ष विचारून लिहून काढा. मग तिथल्या पशुखाद्याच्या दुकानात कोंड्याचे गेल्या दोन वर्षांतले भाव बघा, विशेषतः पावसाळ्यातले, जेव्हा हिरवा चारा येतो आणि कोंडा पडतो. एप्रिल-मे मध्ये गहू भरायला खेळतं भांडवल किती लागेल हे बँकेत जाण्याआधी ठरवा, कारण यंत्रापेक्षा जास्त पैसा गव्हात अडकतो. आणि खुल्या बाजारातल्या सरकारी विक्रीच्या घोषणांवर नजर ठेवा: महाग गहू भरून ठेवल्यानंतर लिलाव सुरू झाले, तर त्या हंगामाचा नफा तिथेच जातो.